फुलाचं नाव नंतर, जागा आधी: रानफुलांच्या नोंदी आणि त्यांचा नकाशा

माझ्या पहिल्या दोन पावसाळ्यांच्या वहीत अशा नोंदी आहेत: 'कास रस्ता, वळणाच्या पुढे, निळी फुलं, भरपूर.' सातारहून कासला जाणाऱ्या रस्त्याला वळणं किती, हे तिथून एकदा गेलेल्यालाही सांगायला नको. कुठलं वळण, कुठली निळी फुलं, भरपूर म्हणजे दहा की दहा हजार? आज मलाच सांगता येत नाही. फुलं खरी होती, मी तिथं होतो हेही खरं, पण नोंद म्हणून त्या ओळीचं मोल शून्य.

तेव्हापासून एक नियम धरला आहे. दुसरा कोणीतरी माझी ओळ वाचून त्याच जागी जाऊन उभा राहू शकला पाहिजे आणि मी पाहिलं ते त्याला तपासता आलं पाहिजे. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका अटीसाठी. उदाहरणं सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतल्या सड्यांची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांची आहेत, कारण तेच मला ठाऊक आहेत. कोकणातला कातळ असो की पुण्याच्या टेकड्या, रीत तीच.

आधी प्रदेश आखा, आणि लहान आखा

'सह्याद्रीतली रानफुलं' असा नकाशा एका माणसाच्या किंवा पाचजणांच्या हातून होत नाही. एक तालुका घ्या, नाहीतर एका डोंगररांगेवरचे चार-पाच सडे घ्या. कास, यवतेश्वर, ठोसेघर, चाळकेवाडी आणि पाटणकडचं सडावाघापूर एवढं म्हटलं तरी दोन-तीन वर्षांचं काम निघतं.

या प्रदेशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन पाडायचे. त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. प्रकल्पाची निर्देशक प्रणाली (जागा कुठल्या आकड्यांत मांडायची ती पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवायची. हा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र अख्खा त्यात बसतो आणि अंतर थेट मीटरमध्ये देता येतं. मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'क्रिएट ग्रिड' उघडून आयताकृती जाळी निवडायची आणि आडवं-उभं अंतर २००० लिहायचं. प्रत्येक चौकोनाला क्रमांक मिळतो, तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. ही जाळी केएमएल स्वरूपात काढून फोनमधल्या ऑफलाइन नकाशावर टाकली, की रानात उभं राहून 'आपण आता सतरा नंबरात आहोत' हे कळतं. क्यूफील्ड हे ॲप वापरलं तर अख्खा प्रकल्पच फोनवर नेता येतो आणि तो रेंजशिवाय चालतो.

चौकोन कशाला, फुलं दिसतील तिथं टाचणी टोचली की झालं, असं वाटतं. तसे नकाशे मी पाहिले आहेत. त्यांत टिपके रस्त्याच्या कडेने, चहाच्या टपरीजवळ आणि वाहनतळाभोवती दाटलेले असतात. तो माणसांच्या फिरण्याचा नकाशा झाला, फुलांचा नव्हे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. त्यांत महाराष्ट्रातली चार, आणि कास त्यातलं एक. साहजिकच कासचे फोटो लाखांत आणि पलीकडच्या निनावी सड्याचा एकही नाही. चौकोन पाडले, की रिकामी घरं डोळ्यांत खुपतात आणि पाय आपोआप तिकडे वळतात.

कधी जायचं

एका चौकोनात वर्षातून निदान तीनदा गेलं पाहिजे. पहिली फेरी ज्येष्ठातल्या पहिल्या सरींनंतर आठवडाभरात. सापकांदा तेव्हा पानाआधी फुलाचा फणा वर काढतो. ऑगस्टमध्ये गेलात तर नुसती छत्रीसारखी पानं सापडतील आणि सप्टेंबरच्या पुढे कणसासारखं फळ. दुसरी फेरी श्रावण-भाद्रपदात. सड्यावरची मोठी जत्रा तेव्हाच: तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे, कवला. तिसरी फेरी ऑक्टोबरात, पाणी आटताना. वेळ मिळाला तर फेब्रुवारीतही एकदा जावं. पळस, पांगारा आणि काटेसावर ही झाडं असली तरी रानफुलंच आहेत, आणि फुलांचा नकाशा म्हणजे पावसाळ्याचा नकाशा, ही समजूत मोडलेली बरी.

कारवीचं गणित निराळं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ मध्ये फुलली होती, नंतर २०२४ मध्ये. लोक 'दर सात वर्षांनी' म्हणतात आणि मधली कोरी वर्षं मोजली तर तेही बरोबरच आहे. पण प्रत्येक डोंगराचं वर्ष एकच असेल असं नाही. तुमच्या चौकोनातली कारवी यंदा फुलली नाही, तर तेवढंही लिहून ठेवा. आठ वर्षांनी ती ओळ कामी येईल.

पिशवीत काय हवं

फार काही नाही. पेन्सिल हवी, पेन नको. सड्यावरच्या धुक्यात शाई पसरते. जाड पुठ्ठ्याची खिशात मावणारी वही, पंधरा सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, दहापट भिंग, फोनसाठी पारदर्शक प्लास्टिक पिशवी, कोरडा पंचा आणि पॉवर बँक. पट्टीऐवजी काहीजण फुलाशेजारी नाणं ठेवतात. पण नाण्यांचे आकार बदलत राहतात, पट्टी बरी. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी कोणी ना कोणी आणतंच.

जागा नोंदवताना

फोनमधलं जीपीएस नेटवर्कवर चालत नाही, उपग्रहांवर चालतं. रेंज नसली तरी जागा मिळते. फक्त पहिल्यांदा मिनिटभर जास्त लागतं. इथेच बहुतेकांची गफलत होते. गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढला, तर कॅमेरा कधी कधी जुनीच जागा त्याला चिकटवतो, म्हणजे वीस मिनिटांपूर्वी जिथे वडापाव खाल्ला ती. म्हणून आधी नकाशाचं ॲप उघडा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या, अचूकता दहा मीटरच्या आत आली की मगच कॅमेऱ्याला हात लावा. कड्याच्या पोटाशी, घळीत किंवा दाट झाडीत ती तीस-चाळीस मीटरच्या खाली उतरत नाही. हरकत नाही. आकडा जसा आहे तसा वहीत लिहा, लपवू नका.

अक्षांश-रेखांश नेहमी दशांश अंशांत घ्या. दशांशानंतरच्या पाच आकड्यांपर्यंत लिहिलं तर जागा साधारण एक मीटरपर्यंत कळते, चारांनी अकरा मीटर, तिनांनी एकशे दहा मीटर. फोनचं जीपीएसच पाच-दहा मीटरचं असताना आठ आकडे लिहिण्यात काही हशील नाही.

दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या आधीच सांगतो. एक, अंश-मिनिटं-सेकंद आणि दशांश यांची खिचडी. कासजवळचा १७ अंश ४३ मिनिटं १२ सेकंद हा अक्षांश दशांशात १७.७२ होतो. तो कोणी १७.४३१२ असा लिहिला, तर तुमचा वायतुरा जवळजवळ बत्तीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. दुसरी चूक अक्षांश आणि रेखांशांची अदलाबदल. १७.७२ आणि ७३.८२ हे उलटे टाकले, की सीतेची आसवे नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या समुद्रात तरंगताना दिसतात. मी ती तरंगताना पाहिली आहेत.

आकड्यांसोबत गावचं नाव आणि त्या जागेचं तिथलं नाव घ्या. गुराख्यांना प्रत्येक सड्याचं, डबक्याचं, टेपाचं नाव माहीत असतं. कागदी नकाशांवर यातली निम्मी नावं नसतात. विचारायला संकोच करू नका, आणि ऐकलं तसंच लिहा, 'शुद्ध' करत बसू नका.

फोटो: एक नव्हे, सहा

सुंदर फोटो आणि ओळख पटवणारा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागे धूसर हिरवं आणि समोर टपोरं फूल असलेला फोटो भिंतीवर लावायला छान, पण त्यावरून जात ठरत नाही. प्रत्येक वनस्पतीचे किमान सहा फोटो घ्या: आजूबाजूच्या जागेसह पूर्ण रोप, फूल समोरून, फूल बाजूने, फूल मागून, पान वरून आणि खालून, आणि शेवटी पट्टी धरून काहीही एक.

बाजू आणि पाठ लोक विसरतात, आणि नेमकी तिथेच ओळख असते. तेरड्याच्या कुळात फुलामागच्या सोंडेची लांबी नि वळण बघावं लागतं. हबेनारिया आमरींची (आमरी म्हणजे ऑर्किड) शेपटीही तशीच मागून दिसते, शिवाय ओठासारख्या पाकळीचा आकार समोरून हवा. सोनकीसारख्या फुलांत फुलाखालची हिरवी छदं (पानासारखे बारीक भाग) पाहिजेत. खर्चुडीचं कंदिलासारखं फूल असेल तर नळीची लांबी, टोकाच्या पाकळ्या मिटलेल्या की सुट्या, हे सगळं. गेंदाच्या बाबतीत मात्र मी सरळ हात टेकतो. त्यातल्या बहुतेक जाती सूक्ष्मदर्शकाखाली फूल उकलल्याशिवाय ठरत नाहीत. 'एरिओकॉलॉन, जात अनिश्चित' एवढं लिहून पुढे जायचं. त्यात कमीपणा नाही.

फूल तोडायचं नाही. पान उलटं करून बघायला तोडावं लागत नाही, बोटाने धरलं तरी पुरतं. सड्यावर चालायचं तेही उघड्या जांभ्या खडकावरून किंवा मळलेल्या वाटेवरून. इथली माती काही ठिकाणी बोटभरही नसते, आणि सीतेची आसवे ज्या ओल्या गाळात वाढतात त्याच गाळात कीटक धरणारे त्यांचे बारीक फुगे असतात. चांगल्या फोटोसाठी त्यात पालथं पडणारे लोक पाहिले की वही मिटून घरी जावंसं वाटतं.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात नमुना गोळा करायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. कासवर ठरलेल्या वेळा, नावनोंदणी आणि माणसांच्या संख्येची मर्यादा आहे, ती पाळा. बाकीचे बरेच सडे मालकीचे किंवा गायरान असतात. जाताना गावात सांगून जावं. चहा मिळतो आणि दोन नावंही जास्त कळतात.

वहीतली ओळ

प्रत्येक नोंदीत ठरावीक रकाने ठेवा: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, अचूकता मीटरमध्ये, चौकोन क्रमांक, जागेचं नाव, अधिवास, संख्या, अवस्था (कळी, फूल की फळ), तिथलं नाव, माझी ओळख, खात्री किती, फोटो क्रमांक.

अधिवास म्हणजे 'पठार' नव्हे. उघडा कातळ, कातळातलं डबकं, डबक्याची ओली कड, खडकाची भेग, पातळ मातीवरचं गवत, बांध, सड्याच्या काठची खुरटी झाडी, असं बारकाईने. वायतुरा (इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा म्हणून ते नाव) पाण्याच्या उथळ थरात मिळतो. चार पावलांवरच्या कोरड्या भेगेत तो मिळणार नाही. दोन किलोमीटरच्या नकाशावर हा चार पावलांचा फरक दिसत नाही, तो रकान्यातच जपावा लागतो.

संख्येसाठी अंदाजाचे टप्पे वापरा: १, २ ते १०, ११ ते १००, १०१ ते १०००, त्याहून जास्त. सोनकीचा अख्खा उतार पिवळा झाला असेल तर मोजू नका, पावलांनी लांबी-रुंदी घ्या. उलट खर्चुडीसारखं मोजकं काही दिसलं तर एकेक रोप मोजा.

आणि एक ओळ प्रत्येक फेरीची: किती वाजता चालायला लागलो, किती वाजता थांबलो, कितीजण होतो, हवा कशी होती, आणि मुद्दाम शोधूनही काय सापडलं नाही. 'दीड तास, तिघे, वायतुरा शोधला, नाही' ही माझ्या लेखी नव्या आमरीच्या फोटोइतकीच मोलाची ओळ आहे. ती नसेल तर रिकाम्या चौकोनात फूल नाही की कोणी गेलंच नाही, हे कधीच कळत नाही.

आता नाव

स्थानिक नाव लिहाच, पण त्याच्यावर विसंबू नका. 'सोनकी' आणि 'तेरडा' ही नावं वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या रोपांना चिकटतात आणि एकाच रोपाला तीन गावांत तीन नावं असतात. शास्त्रीय नावंही बदलतात. म्हणून त्या-त्या दिवशी जे वाटलं ते एका रकान्यात, नंतर जाणकारांनी सुधारलेलं दुसऱ्यात. पहिलं खोडायचं नाही.

हे फूल इथलंच आहे ना, हे इथे तपासा. पुण्याच्या टेकड्यांवर नि घाटरस्त्यांच्या कडेला नारिंगी-पिवळ्या फुलांचे ताटवे बघून लोक 'काय सोनकी फुललीय!' म्हणतात. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात, सोनकीची सलग, दातेरी कडेची. घाणेरी, रानमोडी, ओसाडी, गाजरगवत हेही सगळे बाहेरचे. त्यांना वगळू नका, वेगळ्या रंगात नोंदवा. कुठल्या सड्यावर कॉसमॉस चढला आणि कधी, हे पाच वर्षांनी कळणं फार उपयोगाचं आहे.

फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर (दोन्ही लोकांच्या निसर्गनोंदींची संकेतस्थळं) चढवले, की ओळखायला इतर लोकही येतात. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख, जागा असलेल्या जंगली नोंदीबद्दल दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं, की ती 'रिसर्च ग्रेड' होते आणि परवाना खुला असेल तर जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. तिथला संगणक सुचवतो ते नाव मात्र डोळे मिटून घेऊ नका. ज्याचे फोटो त्याने भरपूर पाहिलेत तेच तो सुचवणार. सड्यापुरती उरलेली प्रदेशनिष्ठ जात त्याच्या यादीतच नसेल, तर तो तिची लांबची बहीण पुढे करतो.

फोटो जाणकाराला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका. त्यातली जागेची आणि वेळेची माहिती गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

काय लपवायचं

खर्चुडीचे कंद लोक उकरून खातात. आमरी उपटून कुंडीत लावणारे आहेत. जुन्नरजवळच्या शिवनेरीसारख्या कड्यांवरची शिंदळमाकुडी संग्राहकांच्या डोळ्यांवर असते. अशा जातींची नेमकी जागा जाहीर करायची नाही. आपल्या मूळ तक्त्यात पाच आकडे ठेवा, बाहेर देताना दोनच ठेवा, म्हणजे जागा किलोमीटरभर धूसर होते. आयनॅचरलिस्टवर 'ऑब्स्क्युअर्ड' निवडलं तर ते ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेही ठिपका दाखवतं. पण मग शीर्षकात किंवा टिपेत 'अमुक देवळाच्या मागे' असं लिहून स्वतःच घात करू नका. हा विनोद नाही, मी केलेलं आहे.

तक्ता आणि नकाशा

त्याच संध्याकाळी नोंदी संगणकावर उतरवा. दुसऱ्या दिवशी अक्षर आपलंच असलं तरी वाचता येत नाही. तक्त्यात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा. या लेखात मी आकडे मराठीत लिहितो आहे, पण तक्त्यात तसं करू नका. क्यूजीआयएस देवनागरी अंकांना आकडे मानत नाही, अक्षरं समजतं, आणि एकही ठिपका उमटत नाही. मराठी नावं युनिकोडमध्येच टंका. जुन्या डीटीपी फॉन्टमधली नावं दुसऱ्या संगणकावर गेली की त्यांचा चिवडा होतो. फाइल साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा.

मग क्यूजीआयएसमध्ये 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर'. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश, प्रणाली ईपीएसजी ४३२६, कारण हे आकडे मीटरमध्ये नाहीत, अंशांत आहेत. ठिपके दिसले की सगळ्यात आधी दूर पळालेले शोधा. त्यांत तुमच्या टंकनाच्या चुका असतात. त्यानंतर 'काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन' चालवा. त्यात 'क्लास फील्ड' म्हणून जातीचा रकाना दिलात, तर चौकोनात किती नोंदी आहेत त्याऐवजी किती जाती आहेत ते कळतं.

रंग तीन वापरा: गेलो आणि सापडलं, गेलो आणि सापडलं नाही, गेलोच नाही. शेवटच्या दोघांना एकच पांढरा रंग देण्याचा मोह होतो, कारण नकाशा स्वच्छ दिसतो. देऊ नका. डोळ्यांना सुखावणारे लाल-पिवळे 'हीट मॅप'ही मी टाळतो. ते पुन्हा आपले वाहनतळच दाखवतात.

जुन्या नोंदी मिळवायच्या तर वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपणाऱ्या संस्था आहेत: मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि १९५५ पासूनचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र. जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'महाबळेश्वर' असेल तर बाजारपेठेत ठिपका ठोकू नका. मध्यबिंदू घ्या आणि अनिश्चितता दहा किलोमीटर असेल तर दहा लिहा. असे ठिपके पोकळ वर्तुळांनी दाखवा, म्हणजे आपल्या पट्टी धरून काढलेल्या नोंदींशी त्यांची गल्लत होत नाही.

नकाशा गावात न्या

वर्षाअखेरीस नकाशा मोठ्या कागदावर छापा आणि ज्या गावांतून फिरलात तिथल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत लावा, धोक्यात असलेल्या जाती वगळून. खाली दोऱ्याने पेन्सिल बांधा. जागांची चुकलेली नावं आठवडाभरात दुरुस्त होतात. कोणीतरी रिकाम्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहून जातं, 'इथं पांढरी आमरी असते, गणपतीनंतर.' ती ओळही तक्त्यात घ्या, पण खात्रीच्या रकान्यात 'ऐकीव' लिहून. पुढच्या भाद्रपदात, गणपती झाल्यावर, त्या चौकोनाची फेरी वहीत पहिली टाका.